इंग्रजीतील 'ब्लू' : एका रंगशब्दाचे अर्थ आणि मराठी अनुवादापुढील प्रश्न

रंगवाचक शब्दांचा विचार मराठी समीक्षेत बहुधा प्रतीकविचाराच्या अंगाने झालेला आढळतो. तांबडा म्हणजे क्रोध किंवा क्रांती, पांढरा म्हणजे पावित्र्य, हिरवा म्हणजे सर्जन ही समीकरणे वर्गात सांगितली जातात आणि उत्तरपत्रिकांतून जशीच्या तशी परत येतात. इंग्रजी साहित्यकृतीच्या अनुवादाचा प्रश्न उपस्थित झाला की या यादीत आणखी एका समीकरणाची भर पडते : 'ब्लू' म्हणजे औदासीन्य. परंतु ज्या भाषेत 'ब्लू' खिन्नतेचा वाचक आहे त्याच भाषेत तो कुलीनतेचा, अंगमेहनतीच्या कामाचा, निष्ठेचा, कडक नीतिनियमांचा आणि अश्लीलतेचाही वाचक आहे. एकच रंग परस्परांशी नाते नसलेल्या, प्रसंगी परस्परविरोधी असलेल्या इतक्या आशयांचे प्रतीक कसा होऊ शकेल, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो विचारला तर असे दिसते की यांतील बहुतेक अर्थ रंगाच्या अंगभूत गुणातून निघालेले नाहीत. एखादी वस्तू कधीकाळी त्या रंगाची होती. पुढे वस्तू विस्मरणात गेली आणि रंगाचे नाव तेवढे मागे उरले.

या प्रक्रियेचे वर्णन करण्यासाठी संस्कृत साहित्यशास्त्रातील लक्षणेची चौकट पुरेशी आहे. 'साहित्यदर्पण'कार विश्वनाथाने रूढीवर आधारलेल्या उपादानलक्षणेचे जे उदाहरण दिले आहे ते योगायोगाने रंगशब्दाचेच आहे : 'पांढरा धावतो'. धावणारा पांढरा म्हणजे पांढरा घोडा, हे ऐकणाऱ्याला सांगावे लागत नाही. गुणवाचक शब्द येथे गुण धारण करणाऱ्या वस्तूला आपल्यात ओढून घेतो. ऑक्सफर्ड वा केंब्रिज विद्यापीठाच्या संघातून आपसांतील सामन्यात खेळलेल्या खेळाडूला 'ब्लू' मिळाला किंवा तो 'ब्लू' आहे असे म्हणतात, तो प्रयोग याच जातीचा. पहिल्याचा गडद आणि दुसऱ्याचा फिका निळा, एवढाच काय तो भेद. विश्वनाथाच्या उदाहरणात घोडा श्रोत्याच्या डोळ्यांसमोर आहे, इंग्रजीत मात्र घोडा केव्हाच निघून गेला आहे. अनुवादकाची अडचण नेमकी येथे सुरू होते.

शब्दाचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. आजचा 'ब्लू' इंग्रजीत मध्ययुगात फ्रेंचमधून आला. फ्रेंचमधील शब्द मात्र मुळात जर्मानिक कुळाचा. लॅटिनमधील 'फ्लाव्हुस' हा शब्द व्युत्पत्तिकार याच आद्य मुळाशी जोडतात आणि त्याचा अर्थ आहे पिवळा! रंगनामे किती घसरती असतात याचा हा चांगला पुरावा होय. बर्लिन आणि के यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या क्रमानुसार भाषांत काळा-पांढरा, तांबडा, हिरवा व पिवळा यांच्यानंतर निळ्याला स्वतंत्र मूलभूत नाव मिळते. या क्रमावर पुढे बरेच आक्षेप आले आणि खुद्द लेखकांनीही त्यात दुरुस्त्या केल्या. तरी निळ्याचे नाव तुलनेने उशिरा स्थिरावते हे निरीक्षण टिकून आहे. मध्ययुगीन इंग्रजीत 'ब्लो' असा आणखी एक शब्द होता. तो उत्तरेकडील नॉर्स भाषेतून आलेला आणि शिशासारख्या, साकळलेल्या रक्तासारख्या रंगाचा वाचक. मारहाणीच्या वळांसाठी वापरला जाणारा 'ब्लॅक अँड ब्लू' हा वाक्प्रयोग मुळात या 'ब्लो'चा आहे. मराठीने इंग्रजीकडून काहीही न घेता 'मारून काळेनिळे केले' असेच म्हटले आहे. दोन्ही भाषांत शब्द जुळला, कारण माराने दुखावलेली कातडी दोन्हीकडे सारखीच दिसते. असे जुळणे हा अपवाद होय.

'ब्लूस्टॉकिंग' हा शब्द घ्यावा. अठराव्या शतकाच्या मध्यास लंडनमध्ये एलिझाबेथ माँटेग्यू आणि त्यांच्या मैत्रिणींच्या घरी पत्त्यांच्या डावाऐवजी साहित्यचर्चा होत असे. बेंजामिन स्टिलिंगफ्लीट हे वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक तेथे समारंभाचे काळे रेशमी मोजे न घालता रोजचे निळे लोकरी मोजे घालून येत. मोजे पुरुषाचे होते; पण नाव चिकटले ते मंडळातील स्त्रियांना आणि पुढच्या पिढीत ते विद्वान स्त्रीच्या कुचेष्टेचा शब्द झाले. या शब्दातील उपहास निळ्या रंगातून येत नाही, तो त्या समाजाच्या स्त्रीशिक्षणविषयक दृष्टीतून येतो. मराठीत याला प्रतिशब्द शोधायचा तर एकोणिसाव्या शतकातील शिकलेल्या बाईची टवाळी करणाऱ्या बोलीकडेच जावे लागेल. निळे मोजे तेथे कामाचे नाहीत.

'ब्लू ब्लड' हे तर इंग्रजीतही भाषांतरच आहे. कॅस्टिल प्रांतातील जी घराणी आपल्या रक्तात मूर वा ज्यू रक्ताची भेसळ नाही असा दावा करीत त्यांच्या गोऱ्या कातडीखालील शिरा निळ्या दिसत, यावरून स्पॅनिशमध्ये हा प्रयोग रूढ झाला आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजीने तो उचलला. कुलीनतेच्या या भाषेत वंशद्वेष दडलेला आहे. मराठीत 'निळ्या रक्ताचा' असे लिहिणारे लेखक ती वंशभाषाही नकळत आयात करतात. 'खानदानी' हा शब्द हाताशी असता तसे करण्याची गरज नसते.

कागदाच्या रंगाची कथा मराठी वाचकाला अधिक जवळची आहे. ब्रिटिश संसदेपुढे ठेवले जाणारे विस्तृत अहवाल निळ्या वेष्टनात बांधले जात. म्हणून ते 'ब्लू बुक'. त्याहून लहान निवेदनांना स्वतंत्र निळे वेष्टन नसे. ती झाली 'व्हाइट पेपर'. भारताच्या घटनात्मक सुधारणांविषयीचे १९३३ चे निवेदन या दुसऱ्या प्रकारचे. मराठीने या शब्दाचा 'श्वेतपत्रिका' असा अनुवाद केला आणि येथे एक लक्षणीय घटना घडली. मूळ इंग्रजी शब्दातील पांढरा केवळ कागदाचा होता. मराठीत 'श्वेत'ला निष्कलंकतेचा आणि सत्याचा जुना संस्कार असल्याने श्वेतपत्रिकेला 'सत्य काय ते एकदाचे सांगून टाका' असा अर्थ चिकटला. महाराष्ट्रात सिंचनाविषयी २०१२ मध्ये श्वेतपत्रिका निघाली तेव्हाच्या वादंगात हीच अपेक्षा गृहीत होती. वेष्टन नसल्याची खूण अशा रीतीने नैतिक मागणी बनली. अनुवादित रंगशब्द यजमान भाषेत नवे आयुष्य जगू लागतो याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. 'ब्लूप्रिंट'चे तसे झाले नाही. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या पद्धतीत निळ्या पृष्ठावर पांढऱ्या रेषा उमटत; ती पद्धत मागे पडली, रंग उलटला, तरी शब्द राहिला. मराठीने येथे रंग सोडून 'आराखडा' पत्करला, हे शहाणपणाचेच झाले.

'ब्लू कॉलर' या विसाव्या शतकातील अमेरिकी प्रयोगामागे कामगारांचा निळा सदरा आहे. मळ न दाखवणारे जाडेभरडे निळे कापड गिरणीत, गोदीत, यंत्रशाळेत सोयीचे होते. अशा कापडाच्या कपड्यांचे एक इंग्रजी नाव 'डंगरी' असे आहे आणि ते आपल्याकडील 'डोंगरी' या जाड्याभरड्या कापडाच्या नावावरून गेलेले असून मुंबईच्या डोंगरी भागाशी जोडले जाते. निळीचा प्रवासही असाच. संस्कृत 'नील' फार्सी-अरबीमार्गे पोर्तुगीजांच्या 'अनिल'मध्ये गेला आणि तेथून एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्राच्या 'अनिलीन'मध्ये स्थिरावला. 'इंडिगो'चा तर मूळ अर्थच 'भारतीय' असा आहे. इंग्रजीने वस्तू घेतली, तिचे नाव घेतले, परंतु रंगाचे सर्वसाधारण नाव म्हणून 'ब्लू'च ठेवला. त्यामुळे त्या भाषेच्या भावविश्वात 'इंडिगो' रंगाऱ्याचा आणि व्यापाऱ्याचा शब्द राहिला.

प्रतीकवाद्यांना सर्वाधिक अडचणीत आणणारी उदाहरणे परस्परविरोधी अर्थांची आहेत. न्यू इंग्लंडमधील रविवारी करमणूक व व्यापार यांना बंदी घालणारे कायदे 'ब्लू लॉज' म्हणून ओळखले जातात. सॅम्युएल पीटर्स यांच्या १७८१ च्या कनेक्टिकटविषयक पुस्तकाने हे नाव सर्वतोमुखी केले. ते कायदे निळ्या कागदावर छापले होते ही प्रचलित कथा पुराव्याला टिकत नाही. दुसरीकडे एकोणिसाव्या शतकापासून 'ब्लू' म्हणजे असभ्य, चावट असाही अर्थ आढळतो; विसाव्या शतकातील 'ब्लू फिल्म' त्याच परंपरेतली. संपादकाने वा परीक्षकाने आक्षेपार्ह मजकूर खोडण्यासाठी वापरायची पेन्सिलही निळीच. म्हणजे पाप निळे, पापाला बंदी करणारा कायदा निळा आणि पाप खोडणारी पेन्सिलही निळी! राजकारणात हीच गत. ब्रिटनमध्ये निळा हा रूढिप्रिय हुजूर पक्षाचा. अमेरिकेत २००० च्या निवडणुकीपासून तो तुलनेने उदारमतवादी डेमोक्रॅटिक पक्षाचा. 'ट्रू ब्लू' म्हणजे एकनिष्ठ, कारण कॉव्हेंट्री गावच्या रंगाऱ्यांचा निळा धुऊन जात नाही अशी ख्याती होती. येथे निष्ठा कापडाच्या पक्क्या रंगाची आहे.

आता औदासीन्याकडे वळता येईल. हा अर्थ जुना आहे. चौदाव्या शतकात चॉसरने अश्रूंना हे विशेषण लावलेले आढळते. मनाला ग्रासणाऱ्या खिन्नतेला आणि मद्यप्याच्या भ्रमांना 'ब्लू डेव्हिल्स' म्हणत व अठराव्या शतकात त्याचेच संक्षिप्त रूप 'द ब्लूज' प्रचारात आले. येथे कोणतीही वस्तू मागे दिसत नाही हे मान्य केले पाहिजे. परंतु या अर्थाला आज जे वजन आहे ते आफ्रिकी अमेरिकी गायनपरंपरेने दिले. डब्ल्यू. सी. हँडी यांची 'मेम्फिस ब्लूज' १९१२ ची, मॅमी स्मिथ यांनी गायिलेले 'क्रेझी ब्लूज' १९२० चे. या गाण्याच्या रूढ घाटात पहिली ओळ दुसऱ्यांदा येते आणि तिसरी ओळ तिला उत्तर देते. हे उत्तर अनेकदा हसरे, खोचक किंवा बंडखोर असते. नेहमीच्या पाश्चात्त्य स्वरापेक्षा किंचित उतरवलेल्या स्वरांना 'ब्लू नोट्स' म्हणतात. गुलामगिरीच्या आणि त्यानंतरच्या अपमानाच्या अनुभवाला सुरात बसवून त्यावर मात करण्याची ही रीत आहे. तेव्हा 'ब्लूज'चे मराठी 'उदासगाणी' करणे म्हणजे तिसरी ओळ गाळून टाकणे होय. शब्द तसाच ठेवणे येथे अधिक प्रामाणिक ठरते.

टोनी मॉरिसन यांच्या 'द ब्लूएस्ट आय' (१९७०) या कादंबरीत हे प्रवाह एकत्र येतात. पिकोला ही काळी मुलगी देवाजवळ निळे डोळे मागते आणि अखेर ते आपल्याला मिळाले आहेत अशा भ्रमात जगते. हा निळा गोऱ्या सौंदर्यकल्पनेचा आहे आणि त्याच वेळी त्यात 'ब्लूज'चा ध्वनी आहे. मराठी अनुवादकाला 'घारे डोळे' हा शब्द मोह घालील, कारण आपल्याकडे तो गोरेपणाशी व विशिष्ट जातीच्या ओळखीशी जोडलेला असून सत्तेचे एक अंग त्यातून येऊ शकते. तरीही तो स्वीकारल्यास ओहायोतील लोरेन गावची मुलगी थेट कोकणात येऊन पोहोचते आणि संगीताचा ध्वनी तर हरवतोच. 'निळे' ठेवावे आणि मुलीच्या मागणीचे ओझे संदर्भाने उभे करावे, हा मार्ग त्यातल्या त्यात कमी हानीचा.

वाक्प्रचारांबाबत इतका विचार करण्याचे कारण नाही. 'वन्स इन अ ब्लू मून'ला 'कपिलाषष्ठीचा योग' आहे, 'ब्लू आइड बॉय'ला 'गळ्यातला ताईत' आहे, 'आउट ऑफ द ब्लू'ला 'ध्यानीमनी नसताना' आहे. एकाच इंग्रजी महिन्यातील दुसऱ्या पौर्णिमेला 'ब्लू मून' म्हणण्याची रीत १९४६ मध्ये एका अमेरिकी खगोलविषयक मासिकात झालेल्या चुकीतून पसरली. त्या पूर्वीच्या पंचांगात एका ऋतूत चार पौर्णिमा आल्या तर तिसरीला ते नाव होते. वृत्तपत्रांना दर वेळी 'चंद्र निळा दिसणार नाही' असा खुलासा करावा लागतो तो 'निळा चंद्र' या शब्दशः अनुवादामुळे.

उलट दिशेने, म्हणजे मराठीतून इंग्रजीत जाताना, धोका अधिक गंभीर आहे. मराठी 'निळा' सावळ्याच्या सीमेवर वावरतो. भक्तिपरंपरेत कृष्णाचे निळेपण आणि विठ्ठलाचे काळेपण एकमेकांत मिसळते. विसाव्या शतकात त्याला सर्वस्वी नवा अर्थ मिळाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ मध्ये स्थापन केलेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे निशाण निळे होते आणि १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाने तोच रंग पुढे नेला. येथेही अर्थ वस्तूतून, निशाणाच्या कापडातून आला. फरक इतकाच की ती वस्तू विस्मरणात गेलेली नाही. रा. ग. जाधव यांनी दलित साहित्याची चर्चा करणाऱ्या आपल्या ग्रंथाला 'निळी पहाट' हे नाव दिले तेव्हा मराठी वाचकाला त्यातील उभारी समजावून द्यावी लागली नाही. हेच शीर्षक इंग्रजीत 'ब्लू डॉन' झाले की त्या वाचकाला उजाडताना दाटून आलेली खिन्नता ऐकू येते. दलित कवितेतील निळे आकाश, निळी वाट, निळे वादळ यांच्या इंग्रजी अनुवादात हा विपर्यास ओळीओळीला संभवतो. जेथे कवितेत निशाण, मोर्चा वा जयंती यांचा निर्देश आहे तेथे तो जराही पातळ न करता राखणे आणि 'ब्लू'ला त्याच्या शेजारी बसविणे एवढे अनुवादकाच्या हाती असते. जेथे असा निर्देश नाही तेथे प्रस्तावनेत निशाणाचा इतिहास सांगावा लागतो.