यात्रेकरूंसाठी वाहनप्रवास : आसनाची मांडणी व सामानाची बांधणी

वाशीम जिल्ह्यातील तीर्थस्थाने एकमेकांपासून फार दूर नाहीत. वाशीम नगरीतील श्री बालाजी मंदिर, कारंजा येथील श्री नृसिंह सरस्वती स्वामींचे जन्मस्थान, मानोरा तालुक्यातील श्रीक्षेत्र पोहरादेवी आणि मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन येथील अंतरिक्ष पार्श्वनाथ या स्थानांचे दर्शन घेऊन अनेक भाविक पुढे शेगाव, लोणार अथवा माहूरकडे प्रस्थान ठेवतात. पूर्वी ही यात्रा बैलगाडीने व नंतर एस. टी.ने होत असे. आता पुष्कळ कुटुंबे स्वतःच्या अथवा भाड्याच्या मोटारीने येतात. अकोल्याहून वाशीममार्गे हिंगोली-नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग या जिल्ह्यातून जातो. मुंबई-नागपूर हा ७०१ कि. मी. लांबीचा समृद्धी महामार्गही कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव या तालुक्यांतून गेला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी व अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. या मार्गाच्या सपाट भागात लहान मोटारींना ताशी १२० कि. मी. वेगाची मर्यादा आहे.

रस्ता सुधारला आणि वेग वाढला. परंतु वाहनात बसण्याची व सामान ठेवण्याची रीत मात्र अनेक कुटुंबांत बैलगाडीच्या काळचीच राहिली. जागा मिळेल तेथे बसावे, फट दिसेल तेथे बोचके कोंबावे आणि लहान मुलाला मांडीवर घ्यावे, ही ती रीत होय. बैलगाडीच्या वेगाला ती चालून गेली. मोटारीच्या वेगाला ती का चालत नाही आणि तिच्या जागी कोणती रीत धरावी, याचा विचार येथे केला आहे.

वेगाचा हिशेब

वाहन धावत असते तेव्हा आतील माणसे व वस्तूही त्याच वेगाने धावत असतात. वाहन एकाएकी थांबले तरी आतील जी वस्तू बांधलेली नाही ती थांबत नाही. ती पूर्वीच्याच वेगाने पुढे जाते आणि मध्ये जे येईल त्यावर आदळते. ताशी ५० कि. मी. वेगाने होणारा आघात हा सुमारे १० मीटर, म्हणजे तीन मजली घराच्या उंचीवरून खाली पडण्याएवढा असतो. वेग दुप्पट, म्हणजे ताशी १०० कि. मी. झाला की ही उंची दुप्पट न होता चौपट होते. ती सुमारे ४० मीटर भरते. बारा-तेरा मजली इमारतीवरून पडावे, असा तो आघात होय.

ताशी ५० कि. मी. वेगाचे वाहन आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबले, तर आतील प्रत्येक सुटी वस्तू स्वतःच्या वजनाच्या सुमारे चौदापट रेटा देते. तेलाचा १० किलोचा डबा त्या क्षणी १४० किलोचा होतो. मांडीवरील १० किलो वजनाच्या बालकाचेही तसेच होते. ते बालक हातांत धरून ठेवण्याची शक्ती कोणत्याही मातेच्या वा पित्याच्या बाहूंत नसते. येथे मायेचा प्रश्न नसून बळाचा प्रश्न आहे.

दोन घटना

दिनांक ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. मोटार महागडी होती व तिच्यात सुरक्षेची साधनेही होती. तिच्यात चार जण होते. पुढील आसनांवरील दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. मागील आसनांवरील दोघांनी मात्र प्राण गमावले, आणि त्या दोघांनी आसनपट्टा म्हणजे सीटबेल्ट लावलेला नव्हता, असे तपासात आढळले. मागचे आसन आपोआप सुरक्षित असते, हा समज किती घातक आहे, हे या घटनेने महाराष्ट्रास दाखविले.

दुसरी घटना यात्रेकरूंचीच आहे. बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी बाबा दर्ग्याचे दर्शन घेऊन नाशिककडे परतणारी एक छोटी बस १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर वैजापूरनजीक एका मालवाहू वाहनावर आदळली आणि १२ जण मृत्युमुखी पडले. त्या बसमध्ये सुमारे ३५ प्रवासी होते, असे वृत्त त्या वेळी आले होते. अपघाताची कारणे अनेक असतात. तथापि ज्या वाहनात माणसे दाटीवाटीने बसलेली असतात, तेथे प्रत्येकास आसन नसते व प्रत्येकास पट्टाही नसतो. म्हणून नोंदणी प्रमाणपत्रावर जितकी आसने नमूद असतील तितकेच प्रवासी घ्यावेत. मधल्या वाटेत स्टूल वा फळी टाकून बसणारा प्रवासी स्वतःस व इतरांसही धोक्यात घालतो.

चालकाचे आसन

चालकाने आसन जुळविण्याचे काम वाहन उभे असतानाच करावे. चालत्या वाहनात आसन सरकविणे अत्यंत धोक्याचे आहे. क्रम पुढीलप्रमाणे असावा :

१) पाठ व कंबर आसनाच्या पाठीस पूर्ण टेकवून बसावे. खिशातील जाड पाकीट काढून ठेवावे.

२) क्लच व ब्रेक तळापर्यंत दाबून पाहावेत. त्या वेळी गुडघा किंचित वाकलेला राहील इतके आसन पुढे-मागे घ्यावे. पाय ताठ होत असल्यास आसन दूर आहे आणि गुडघा स्टिअरिंगच्या खाली लागत असल्यास ते फार जवळ आहे, असे समजावे.

३) खांदे पाठीस टेकलेले ठेवून हात सरळ पुढे केल्यास मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे. छाती व स्टिअरिंगचा मध्य यांत किमान एक वीत, म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर अंतर असावे. अपघातसमयी तेथूनच एअरबॅग उघडते व तिला फुगण्यास जागा लागते.

४) डोक्यामागील उशी, म्हणजे हेडरेस्ट, डोक्याच्या वरच्या पातळीपर्यंत उचलावी. ती विश्रांतीसाठी दिलेली नाही. मागून धडक बसल्यास मान मागे झटकली जाऊ नये, हे तिचे प्रयोजन होय. ती मानेच्या पातळीवर राहिल्यास उपकारापेक्षा अपकारच करते.

५) आसन सरकविल्यावर ते खाचेत बसल्याचा 'खट' असा आवाज ऐकावा व अंग हलवून खात्री करावी. त्यानंतरच तिन्ही आरसे जुळवावेत. आरसे आधी व आसन नंतर, असा उलटा क्रम ठेवल्यास आरसे पुन्हा जुळवावे लागतात.

लांबच्या प्रवासात दोघे आळीपाळीने वाहन चालवीत असल्यास प्रत्येक बदलाच्या वेळी वरील सर्व क्रम पुन्हा करावा.

आसनपट्टा व सहप्रवासी

सध्याचा तीन टोकांचा आसनपट्टा स्वीडनमधील अभियंता निल्स बोलिन यांनी १९५९ साली सिद्ध केला. शरीरातील बळकट हाडांवर आघात वाटून देणे, हे त्याचे तत्त्व आहे. म्हणून खालचा पट्टा पोटावर न घेता कंबरेच्या हाडांवर, मांडीलगत असावा. वरचा पट्टा मानेला न घासता खांद्याच्या मध्यावरून छातीवर यावा. तो काखेखालून घेऊ नये. जाड शाल वा घोंगडी पट्ट्याच्या आत न घेता वरून पांघरावी. गर्भवती भगिनींनी खालचा पट्टा पोटाच्या खालून व वरचा पट्टा पोटाच्या बाजूने घ्यावा. पुढील आसनावरील प्रवाशाने आसन फार मागे झुकवून झोपू नये. तसे केल्यास धडकेत शरीर पट्ट्याखालून घसरते. पाय डॅशबोर्डवर ठेवणे तर कटाक्षाने टाळावे.

मागे बसलेल्या समोर तोंडाच्या प्रवाशांसही पट्टा बंधनकारक आहे. वडीलधारी मंडळी संकोचतात किंवा 'मागे कशाला?' असे म्हणतात. त्यांना नम्रतेने सांगावे, की पट्टा न लावलेली मागील व्यक्ती पुढच्या आसनावर आदळते व पुढे बसलेल्या मुलाचा किंवा सुनेचा जीवही धोक्यात येतो. आपला पट्टा हा दुसऱ्याच्याही रक्षणाचा आहे, हे पटले की आजोबाही तो आनंदाने लावतात.

बालकांविषयी कायदा स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलास पट्टा वा बालकांचे विशेष आसन यांनी सुरक्षित करण्याची जबाबदारी वाहन चालविणाऱ्यावर आहे. लहान मुलांना मागेच बसवावे. एकाच पट्ट्यात आई व मूल असे दोघांना गुंडाळू नये. कारण धडकेत आईच्या देहाचा भार मुलावर येतो. मागे तोंड असलेले तान्ह्या बाळाचे आसन एअरबॅग सुरू असलेल्या पुढच्या जागेवर कदापि ठेवू नये.

सामानाची बांधणी

यात्रेचे सामान इतर प्रवासाच्या सामानाहून वेगळे असते. त्यात शिध्याचे डबे, पितळी समई, पाण्याचे मोठे कॅन, वळकट्या व परतताना प्रसाद आणि नारळ असतात. त्यांची मांडणी पुढीलप्रमाणे करावी :

१) जड वस्तू तळाशी व मागील आसनाच्या पाठीस भिडवून ठेवाव्यात. हलक्या वस्तू त्यांच्यावर व मागे ठेवाव्यात. जड पेटी डिकीच्या दाराशी ठेवल्यास धडकेच्या वेळी तिला धावण्यास जागा मिळते व ती अधिक जोराने आदळते.

२) सामानाची रास आसनाच्या पाठीहून उंच नसावी. तशी ठेवणे अपरिहार्य असल्यास जाळी वा दोराने ती वाहनातील कड्यांना बांधावी.

३) फटींमध्ये वळकट्या व कपड्यांची गाठोडी ठासावीत. पातूरच्या घाटासारख्या वळणांच्या रस्त्यावर सामान एका बाजूस सरकले की वाहनाचा तोलही त्या बाजूस जातो.

४) मागील काचेखालच्या फळीवर छत्री, पाण्याची बाटली, फळांची पिशवी असे काहीही ठेवू नये. त्या सर्व वस्तू प्रवाशांच्या डोक्यामागे असतात.

५) २० लिटर पाण्याचा कॅन २० किलोचा असतो. तो आसनावर न ठेवता पुढील आसनाच्या मागे, पायाच्या जागेत घट्ट बसवावा.

६) टपावर केवळ हलके सामान ठेवावे. कॅरिअरवर किती वजन चालते, ते वाहनाच्या पुस्तिकेत दिलेले असते. टपावरील भाराने वाहन वळणावर अधिक झुकते. सामानावर ताडपत्री टाकून ते मजबूत दोराने बांधावे. रबरी दोऱ्यांवर विसंबू नये. निघाल्यावर काही अंतराने थांबून गाठी पुन्हा तपासाव्यात.

७) काही जुन्या जीपगाड्यांत मागे आडवी बाके असतात व त्यांना पट्टे नसतात. शक्य असेल तेथे माणसे समोर तोंडाच्या आसनांवर बसवून ती जागा सामानास द्यावी.

८) गॅसचे सिलिंडर, रॉकेल व पेट्रोल प्रवाशांसोबत नेऊ नये.

पूर्ण भरलेल्या वाहनास टायरमध्ये हवाही अधिक लागते. तिचे प्रमाण बहुधा चालकाच्या दाराजवळील पट्टीवर लिहिलेले असते. हवा टायर थंड असताना भरावी.

दर्शनाच्या प्रवासातील विशेष काळजी

मंदिरासमोर उतरताना अनेक जण पादत्राणे वाहनातच ठेवतात. हे सोयीचे आहे. परंतु चालकाच्या पायाशी राहिलेली चप्पल वा घरंगळत आलेली बाटली ब्रेकखाली अडकली, तर ऐन वेळी ब्रेक दाबला जात नाही. पादत्राणे पिशवीत घालून मागे ठेवावीत व निघण्यापूर्वी चालकाने पायाची जागा हात फिरवून पाहावी.

वाहनपूजेनंतर आरशास मोठा हार लटकविण्याची प्रथा आहे. पूजा संपल्यावर तो काढून वाहनाच्या पुढील बाजूस, दृष्टीआड न येईल असा बांधावा. डॅशबोर्डवर देवाची मूर्ती बसविताना एअरबॅगचे झाकण टाळावे. एअरबॅग पापणी लवण्याच्या आत उघडते आणि तिच्यावरील मूर्ती समोरील प्रवाशाच्या तोंडावर फेकली जाते. प्रसादाचा नारळही डॅशबोर्डवर न ठेवता पिशवीत, पायाशी वा डिकीत ठेवावा. देवावरील श्रद्धा याने उणी होत नाही.

निघण्यापूर्वी

सर्वजण बसल्यावर कुटुंबातील एकाने, शक्यतो एखाद्या मोठ्या मुलाने वा मुलीने, मोठ्याने विचारावे : चालकाचे आसन व आरसे जुळले का? सर्वांचे पट्टे लागले का? मुले मागे व आपापल्या जागी आहेत का? सुटी वस्तू कोठे राहिली का? चालकाच्या पायाशी काही नाही ना? पाचही उत्तरे समाधानकारक आल्यावरच वाहन सुरू करावे. घरून निघताना देवापुढे दिवा लावण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ यास पुरतो.

दर्शन घेऊन परततानाही हाच क्रम पाळावा. कारण परतीच्या वेळी शरीर थकलेले, सामान वाढलेले व मन घराकडे लागलेले असते. उंबरठ्यावर वाट पाहणाऱ्यांपर्यंत प्रसाद पोहोचला व तो नेणारेही सुखरूप पोहोचले, म्हणजे यात्रा पूर्ण झाली असे समजावे. सर्व भाविकांचा प्रवास निर्विघ्न होवो, ही श्रींचरणी प्रार्थना.