पुढचे ब्रेक मोठे करून द्या, असं गिऱ्हाईक म्हणालं तर?

कार गॅरेज टाकायचं म्हणताय ना, मग हा विषय तुमचाच. "पुढे मोठी डिस्क, मोठा कॅलिपर टाका," असं म्हणणारं गिऱ्हाईक येणारच. मार्जिन चांगलं असतं, पण बिल फाडायच्या आधी थोडा हिशोब करा.

पिस्टन ५१ मिमीचा ५७ केला की क्षेत्रफळ सुमारे २५ टक्के वाढतं. मोठ्या डिस्कमुळे पॅड मध्यापासून १० टक्के लांब दाबला, तर पेडलवर तेवढाच पाय देऊन पुढचा जोर जवळपास ३७ टक्के वाढतो. मागचे ड्रम मात्र होते तिथेच! एबीएस नसेल तर ओल्या रस्त्यावर पुढची चाकं लवकर लॉक होतात, स्टिअरिंग ऐकत नाही. शिवाय मोठ्या पिस्टनला ऑइल जास्त लागतं, म्हणजे पेडलही खोल जातं.

मग मागचाही जोर वाढवायचा? जपून! मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी गरकन फिरते.

सुरुवातीला मीही एकाला नुसतं पुढचं किट बसवून दिलं होतं. पहिल्याच पावसात सिग्नलला गाडी सरळ घसरत गेली. नशिबाने पुढे कोणी नव्हतं. किट काढलं, पैसे परत दिले.

आता आधी टायर, पॅड आणि ब्रेक ऑइल बघतो. बऱ्याच जणांचं तिथेच भागतं (बिल छोटं होतं, काय करणार!). किट द्यायचंच असेल तर पुढचं-मागचं जुळवलेलं द्या, आणि रिकाम्या रस्त्यावर ट्रायल घेतल्याशिवाय चावी देऊ नका.