कमरेच्या सुरीचें म्यान

कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यानें फटफटीवरून मळ्यास जातांना, उंच बांधलेल्या म्यानांतील सुरीची मूठ आमच्या बरगडीस टोंचत असे. यास्तव म्यानाच्या माथ्याशीं पितळी कडी शिवून घ्यावी व तींतून दोन बोटें रुंद पट्टी ओंवून कमरपट्ट्यास अडकवावी. मूठ पट्ट्याखालीं लोंबली म्हणजे बसतांना म्यान आपोआप वळतें. चामडें कोल्हापुरी वहाणेचें, बाभळीच्या सालीनें व हिरड्यानें कमावलेलें घ्यावें.

मुठीवरून बटणाची पट्टी मात्र हवीच. आम्हीं ती आळसानें टाळिली. सुरी उसाच्या सरींत गळाली आणि पाचट ओढणाऱ्या गड्याच्या पायांत शिरली. पावसांत म्यान भिजल्यास सुरी बाहेर काढून पुसावी. ओल्या चामड्यांत पातें गंजतें.