स्नायूतल्या गाठीवर इंजेक्शन घेताना

मान आणि खांदा यांच्यामधला स्नायू चिमटीत धरून पाहिला, तर कधी कधी ताठ दोरीसारखा पट्टा बोटांना लागतो. त्यावरचा एखादा बिंदू दाबताच कळ थेट कानामागे, कानशिलापर्यंत जाते. हा ‘ट्रिगर पॉइंट’. ही मांसाची वाढ नव्हे, स्नायूचा आखडलेला भाग असतो. शेक आणि व्यायाम करूनही तो सुटत नसेल, तर डॉक्टर तिथे इंजेक्शन सुचवतात.

१. आधी निदान पक्के करून घ्यावे. डॉक्टरांनी गाठ दाबल्यावर ‘हेच माझे नेहमीचे दुखणे’ असे वाटले नाही, तर तसे स्पष्ट सांगावे. हाताला मुंग्या येत असतील, पकड कमी झाली असेल, ताप असेल किंवा वजन घटत असेल, तर आधी त्याची तपासणी करावी.

२. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पूर्वी भुलीच्या औषधाने झालेला त्रास, गरोदरपण, त्या जागेवरचा फोड, यांपैकी काहीही असल्यास आधीच सांगावे. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नयेत.

३. कोणते औषध देणार, हे विचारावे. बहुधा लिग्नोकेन, म्हणजे दात काढताना देतात तेच भुलीचे औषध, थोड्या प्रमाणात देतात. स्टिरॉइडची गरज सहसा नसते. मधुमेह असल्यास हा प्रश्न आवर्जून विचारावा, कारण स्टिरॉइडने साखर वाढते. कारेल लेविट या चेक डॉक्टरांनी १९७९ मध्येच दाखवून दिले होते की औषधाविना नुसत्या सुईनेही आराम पडतो. सुई नेमक्या बिंदूवर लागणे महत्त्वाचे.

४. काहीतरी खाऊन जावे. सुई बिंदूत शिरली की स्नायू क्षणभर आपोआप फडकतो. घाबरू नये, ते बहुधा जागा बरोबर सापडल्याचे लक्षण असते. खांद्याखाली फुप्फुसाचे टोक जवळच असते, म्हणून हलू नये. खोकला येणार असे वाटले, तर आधी सांगावे.

५. यानंतरचा भाग बरेच जण सोडून देतात आणि गाठ परत येते. दुखणे कमी झालेले असतानाच स्नायूला ताण द्यायचा असतो. उजवी बाजू दुखत असेल, तर खुर्चीवर बसून उजव्या हाताने बैठकीची कड धरावी आणि डावा कान हळूहळू डाव्या खांद्याकडे न्यावा. झटका देऊ नये. सुखद ताण जाणवेल तिथे ३० सेकंद थांबावे. असे तीनदा, दिवसातून दोन-तीन वेळा करावे. ओझे उचलणे काही दिवस टाळावे.

६. दोन-तीन दिवस जागा ठणकते. धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत कळ आली, तर मात्र लगेच रुग्णालय गाठावे. लाली किंवा ताप आल्यास डॉक्टरांना कळवावे.

७. दोन-तीन वेळा इंजेक्शन घेऊनही फरक नसेल, तर तेच पुन्हा घेऊ नये. निदान पुन्हा तपासून घ्यावे. सोबत उशीची उंची, एकाच खांद्यावर लटकणारी बॅग आणि मान वाकवून मोबाइल पाहण्याची सवय डॉक्टरांना सांगावी.