स्वप्नाला नियमाची जोड

आपल्यापैकी अनेकांच्या मनात स्वतःचा व्यवसाय करण्याचे स्वप्न असते. कोणाला खानावळ काढायची असते, कोणाला शिवणकामाचे छोटे दुकान. ध्यानाला बसले की नेमके तेच डोळ्यांसमोर येते आणि मग मन खट्टू होते : साधना करणाऱ्याने पैशाचा विचार करावा का? जरूर करावा. मालक होण्याची इच्छा साधनेच्या आड येत नाही. त्या इच्छेला तुम्ही कोणता नियम घालून देता, हे मात्र पाहावे लागते.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात गृहिणी इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली गेली. लिज्जत पापडची सुरुवात ती हीच.

त्यांनी आरंभीच ठरवले होते की तोटा आला तरी कोणाकडे देणगी मागायची नाही. (सेवाकार्यासाठी दिलेले दान निराळे, येथे आपण व्यवसायाबद्दल बोलत आहोत.) उसने घेतलेले पैसे परत करायचे असतात, म्हणून हिशेब रोज लिहिला जातो. फुकट आलेल्या पैशाला अशी आठवण राहत नाही. वाणिज्य शाखेत आम्हाला हे जमाखर्चाच्या भाषेत शिकवतात, पण मुळात हा मनाच्या शिस्तीचा भाग आहे.

पुढे मोहही आला. दोन प्रतींचे पापड करावेत, हलक्या प्रतीचे स्वस्तात विकावेत, असा विचार होता. छगनबापांनी सल्ला दिला की प्रत एकच ठेवा, तिच्यात तडजोड करू नका आणि हिशेब चोख ठेवा. मला या कथेतला हाच प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. स्वस्त माल विकणे हे काही पाप नव्हते, गिऱ्हाईकही मिळाले असते. म्हणूनच नकार देणे कठीण होते. तुमच्या खानावळीत एक दिवस कालचे तेल पुन्हा वापरण्याचा विचार येईल, आणि तोही असाच अगदी वाजवी वाटेल. त्या क्षणी ठरवू म्हटले तर उशीर झालेला असतो. नियम आधीच ठरलेला हवा.

पहिल्या वर्षी पावसाळ्यात ऊन नव्हते, म्हणून चार महिने काम बंद राहिले. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. संकटात प्रार्थना जरूर करावी, आणि बाजारात जाऊन खाटही आणावी.

लिज्जतमध्ये काम करणारी प्रत्येक भगिनी संस्थेची मालक मानली जाते, नफा-तोटा सर्वांचा. आज अशा भगिनी ४० हजारांहून अधिक आहेत. व्यापार, कुटुंब आणि भक्ती या तिन्ही भावना तेथे एकत्र नांदतात. २०२१ मध्ये त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री जाहीर झाली.

या आठवड्यात ध्यानानंतर दहा मिनिटे वही घेऊन बसा. पहिले गिऱ्हाईक कोण असेल ते नावानिशी लिहा. किती पैसे लागतील, कोणाचे, आणि ते कधी परत कराल ते लिहा. मग फायदा दिसत असूनही जे तुम्ही करणार नाही, अशी एक गोष्ट लिहा आणि ती घरातल्या एका माणसाला वाचून दाखवा.