लॉगिन होतं, यादी येत नाही

प्रश्न : ऑफिसातल्या लिनक्स मशीनवर व्हीएसएफटीपीडी बसवलं. ऑफिसात व्यवस्थित चालतं. घरून मात्र लॉगिन होतं आणि फोल्डरची यादी येण्याआधीच सगळं अडकतं. राउटरवर २१ नंबरचा पोर्ट उघडलेला आहे.

उत्तर : लॉगिन होतंय, म्हणजे २१ नंबरचं काम ठीक चाललंय. एफटीपीमध्ये आज्ञांसाठी एक जोडणी असते आणि फाइलींसाठी दुसरी. यादीही दुसरीवरूनच येते, आणि तुमची तीच अडली आहे.

क्लायंटच्या लॉगमध्ये २२७ ने सुरू होणारी ओळ शोधा. कंसातल्या सहा आकड्यांपैकी पहिले चार म्हणजे पत्ता. शेवटच्या दोनांतून पोर्ट निघतो : पाचवा गुणिले २५६, अधिक सहावा. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर सर्व्हर तुम्हाला ऑफिसच्या आतला पत्ता सांगतोय. घरून तो कसा सापडणार?

कॉन्फिग फाइलमध्ये पॅसिव्ह पत्ता म्हणून राउटरचा बाहेरचा आयपी द्या. पॅसिव्ह पोर्टांची मर्यादा ठरवा, समजा ४०००० ते ४००५०. हेच पोर्ट राउटरवरून सर्व्हरकडे वळवा, सर्व्हरच्या फायरवॉलमध्येही उघडा (हे हमखास राहून जातं) आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. यानंतर ऑफिसातल्यांनाही बाहेरचाच पत्ता मिळेल. काही राउटरना ते झेपत नाही, तेव्हा आतून पुन्हा तपासा.

खरं तर नव्याने मांडणी करत असाल, तर एफटीपीच्या नादी लागूच नका. ओपनएसएसएच बहुधा मशीनवर आधीच असेल. त्यातलं एसएफटीपी एकट्या २२ नंबरच्या पोर्टवर चालतं आणि पासवर्डही उघडा जात नाही.