न उतरलेले वृषण



गर्भात वृषण तयार होतात ते पोटाच्या मागच्या भिंतीवर, मूत्रपिंडाजवळ. मोठेपणीही त्यांची धमनी तिथूनच, थेट महाधमनीतून निघते. तीच आखूड पडली की शस्त्रक्रियेत वृषण खाली आणणे अवघड होते. वृषण खाली उतरण्याचा जांघेपर्यंतचा टप्पा सुमारे १५ व्या आठवड्यात संपतो. जांघेतून वृषणकोशात उतरणे २५ ते ३५ आठवड्यांत घडते. त्यामुळेच पूर्ण दिवसांच्या मुलांत हा दोष शंभरात दोन-चार, तर अपुऱ्या दिवसांच्या मुलांत ३० टक्क्यांपर्यंत आढळतो.

जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बरेच वृषण आपोआप उतरतात. सहा महिन्यांनंतर ते क्वचितच घडते (अपुऱ्या दिवसांच्या मुलाचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून धरावे). ‘मोठा झाला की गोटी उतरेल’ हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा दिलासा त्यापुढे टिकत नाही. शस्त्रक्रिया दीड वर्षाच्या आत व्हावी.

निदान हातानेच होते, आणि घाईत चुकते. खोली उबदार असावी, हात चोळून गरम करावेत, मूल आईच्या मांडीवर असावे. आधी कोशाला हात लावू नये. कमरेच्या हाडापासून जांघेवरून बोटे खाली सरकवत आणावीत आणि दुसऱ्या हाताने वृषण कोशाशी धरावा. सोडल्यावर तो काही वेळ तिथेच राहिला, तर तो नुसता आखडणारा वृषण. त्याला शस्त्रक्रिया नको. मात्र असे काही वृषण पुढे वरच अडकतात, म्हणून दरवर्षी पाहावे. सोडताच वर पळाला, तर तो न उतरलेलाच. सोनोग्राफीची चिठ्ठी लिहून देण्यात अर्थ नाही: तीत दिसला नाही म्हणून वृषण नाहीच, असे ठरत नाही. हाताला न लागणारा वृषण शोधण्यासाठी दुर्बीण घालावी लागते.

नवजात बाळाचे दोन्ही वृषण हाताला लागत नसतील, तर ‘मुलगा’ अशी नोंद करण्याआधी थांबावे. अधिवृक्क ग्रंथीच्या जन्मजात विकारात मुलीचे बाह्यांगही मुलासारखे दिसू शकते आणि शरीरातले मीठ घटून दुसऱ्या आठवड्यात तिच्या जिवावर बेतू शकते. गुणसूत्रे व रक्तातले क्षार तातडीने तपासावेत.

वर राहिलेल्या वृषणाला पोटातली उष्णता सोसत नाही. शुक्राणू घटतात, पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. वेळीच केलेल्या शस्त्रक्रियेने तो कमी होतो, पूर्ण जात नाही. म्हणून वयात आल्यावर मुलाने स्वतः चाचपून पाहत राहावे, हे डिस्चार्जच्या कागदावरच मराठीत लिहून द्यावे.